तितीना आणि तिची पितळी सासूबाई

समोरच्या बारवाली तितीना कॉफीचं नवं मशीन घेतेय ही बातमी गल्लीत मी पसरवली, असा माझ्यावर आरोप आहे. साफ खोटं. मी ती फक्त बटणं घ्यायला आलेल्या दोन बायकांना सांगितली, आणि तीही "कुणाला सांगू नका" असं बजावून. आता आमच्या पोत्सुओली गावातल्या बायका असं बजावल्यावर काय करतात, याची जबाबदारी माझ्यावर कशी येते?

माझं दोरा-बटणांचं दुकान आणि तितीनाचा कॉफीचा बार समोरासमोर आहेत. मधली गल्ली इतकी अरुंद, की तिच्याकडे कुणी शिंकलं तर मी खुर्चीतून न उठता त्याला आशीर्वाद देतो. त्यामुळे तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते मी कान लावून ऐकलेलं नाही. ते आपल्या पायांनी माझ्याकडे येतं.

तितीना साठीची. ठेंगणी, पायात कायम सपाट चपला, केस असे घट्ट बांधलेले की भुवया जरा वर ओढल्यासारख्या दिसतात. खांदे मात्र जाळी ओढणाऱ्या कोळ्यासारखे. हे खांदे तिनं माहेराहून आणले नव्हते. ते तिला सासूबाईनं दिले.

सासूबाई म्हणजे मशीन. खरी सासू, जिला सगळे मानानं दोन्ना म्हणायचे ती फिलुमेना, केव्हाच देवाघरी गेली. नवरा विचिएन्झो तिच्याही आधी गेला, बिचारा घाईचाच माणूस होता. मागे राहिलं ते फिलुमेनानं बसवलेलं कॉफीचं मशीन. तीन पितळी मुंडकी, तीन लांब दांडे, वर कपांचा डोंगर आणि स्वभाव अगदी फिलुमेनाचा. मशीनला सासूबाई हे नाव गल्लीनं दिलं. गल्ली म्हणजे मी.

या सासूबाईच्या पोटात पाण्याचा बंब होता आणि बंबाखाली गॅस. बंबातलं पाणी उकळीच्याही पुढे तापलेलं. कॉफीला एवढी उष्णता चालत नाही, उकळीच्या जरा खालीच लागते. मग जास्तीची उष्णता जायची कुठे? ती त्या जाडजूड पितळी मुंडक्यात. दांडा खाली ओढला की पाणी मुंडक्यात शिरायचं, पितळ त्यातली थोडी आग स्वतः गिळायचं, दांडा सोडला की स्प्रिंग पाण्याला खाली अडकवलेल्या वाटीतल्या कॉफीच्या पुडीतून दाबून काढायची. सगळा खेळ त्या पितळावर. पितळ गार असेल तर ते फार गिळतं, कॉफी आंबट आणि पुचाट. पितळ फार तापलं तर ते काहीच गिळत नाही, कॉफी जळकी. आणि एवढं मणभर पितळ गॅसच्या छोट्या ज्योतीवर तापायला किती वेळ लागत असेल, ते तुम्हीच समजा. आमच्या गावाखाली ज्वालामुखी आहे, जमीन उकळते, चार दिवसांआड भिंती हलवते, भेगांतून वाफ सोडते. एवढ्या तापलेल्या गावात निवांत तापणारी वस्तू एकच होती.

मासळीबाजाराचे लोक उजाडायच्या आत कॉफीला येतात. त्यांच्या आधी दीड तास गॅस पेटवायचा. रात्रभर चालू ठेवायची सोय नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी शपथ घेतलेली, "माझ्या पलंगाखाली ज्योत जळत असेल तर मी खिडकीतून उडी मारीन." आम्ही काहीजण त्यांना तसं करून दाखवा म्हणालो होतो, पण तितीना मऊ मनाची. ती आपली कोंबड्यांबरोबर झोपायची आणि कोंबड्यांच्याही आधी उठायची. तिनं लग्नानंतर एकही संध्याकाळ पूर्ण बघितली नव्हती.

आणि इथंच साबातीनो लुचिन्यानोचं घोडं अडलं होतं.

साबातीनो बंदरावरच्या खाणावळीत स्वयंपाकी. विधुर, मोठ्या पोटाचा, लहान आवाजाचा. त्याची चूल संध्याकाळी पेटते आणि मध्यरात्री विझते. तो झोपायला निघाला की तितीना उठायच्या बेतात, आणि त्याची चूल पेटली की तिच्या पापण्या खाली. चोवीस तासांत दोघांची गाठ पडायची ती सकाळी दहाला, जेव्हा बारमध्ये गर्दी नसते. तो त्याच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, एक कॉफी मागायचा आणि ती एवढ्याशा कपातली कॉफी इतका वेळ पुरवायचा की तेवढ्यात मी एक कोट उसवून पुन्हा शिवला असता.

मागच्या वसंतात त्यानं एकदाचं विचारलं. मी तिथंच होतो, दाराशी, योगायोगानं.

"तिती, लग्न करूया."

तितीनानं फडकं खाली ठेवलं. "कुणाशी करणार? तू येशील तेव्हा मी घोरत असेन. तू उशीशी लग्न करणार का?"

"उशी बोलत नाही. तो एक फायदाच."

"साबाती, मी खरं सांगतेय. ही आहे तोवर" आणि तिनं सासूबाईकडे मान वळवली, "ही आहे तोवर मला संध्याकाळ नाही. आणि संध्याकाळ नाही तर संसार कसला?"

"मग हिला काढ," साबातीनो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं धाडसी वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तो स्वतःच घाबरून निघून गेला.

पण उन्हाळा सरता सरता नवं मशीन आलं. तिनं सगळ्यांना सांगितलं की गॅस परवडत नाही म्हणून. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे बाहेर येऊन हसले. मीही हसलो, पण मला बरं वाटलं. बाई साठीला आल्यावर कुणासाठी तरी खोटं बोलते, म्हणजे तिच्यात जीव आहे.

नवं मशीन दिसायला सडपातळ. दांडे होते, कारण दांड्याशिवायची कॉफी आमच्याकडे कुणी तोंडात धरत नाही. पण आतला कारभार वेगळा. बंब छोटा आणि त्याला रजईसारखं गुंडाळलेलं, उष्णता बाहेर जाऊच नये म्हणून. प्रत्येक मुंडकं हलकं, प्रत्येकात स्वतःची छोटी शेगडी, प्रत्येकाची उष्णता वेगळी मोजणारा काटा. पाव तासात तयार. बसवायला आलेला एर्मान्नो, टकलू, हसरा, नोला गावाकडचा, म्हणाला, "दोन्ना तितीना, आता झोपा मनसोक्त. बाजारवाले दारात आले की बटण दाबा, त्यांचे बूट पुसून होईपर्यंत हे तापलेलं असेल."

"त्यांचे बूट कधीच पुसून होत नाहीत," तितीना म्हणाली. पण तिचा चेहरा मला आठवतो. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या मुलीसारखा.

सासूबाई माझ्या दुकानात आली. दुसऱ्या कुणाकडे जागा नव्हती आणि भंगारात घालायचं तितीनाच्या जिवावर आलं. चौघांनी उचलली, पाचव्यानं म्हणजे मी सूचना केल्या. मी तिच्या तिन्ही दांड्यांवर रिबिनी टांगल्या, लाल, निळ्या आणि जरीच्या. धंदा वाढला.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर उठलो. बाजारवाले आत शिरले. त्यांच्यात सगळ्यात पुढे आनिएल्लोकाका, ज्याची जीभ त्याच्या सुरीपेक्षा धारदार. त्यानं कप तोंडाला लावला, खाली ठेवला, कपाकडे बघितलं.

"तिती, तू झोपेत आहेस की मी?"

"का?"

"यात लिंबू पिळलंयस?"

बाकीच्यांनी प्यायली. कुणी बोललं नाही, ते जास्त वाईट. पोत्सुओलीचा माणूस कॉफीवर गप्प बसला म्हणजे मयतीला आल्यासारखं समजायचं.

दुपारी तितीनाला एक कारण सापडलं. जुन्या मशीनचं डोकं इतकं तापायचं की वर ठेवलेल्या कपांनी बोटं भाजायची. नव्याला रजई, त्यामुळे वरचा कठडा गारच. कपही गार. सासूबाई जी उष्णता वाया घालवते म्हणून आपण शिव्या द्यायचो, ती फुकट कप तापवत होती, शिवाय थंडीत गिऱ्हाइकांच्या पाठीही. तितीनानं लगेच शेगडीवर पातेलं चढवलं आणि कप उकळत्या पाण्यात ठेवले. ओठाला चटका बसला की निम्मी तक्रार मिटते.

निम्मीच मिटली. कॉफी जरा बरी झाली, पण आंबटपणा राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आनिएल्लोकाका दारातूनच ओरडला, "तिती, आज काय, संत्र्याचा का मोसंबीचा?" आणि बरोबरच्या दोघांना घेऊन पुढच्या चौकातल्या बारमध्ये गेला. तितीनानं पाठमोऱ्या त्याला असं काही सुनावलं की मास्तरीणबाईंनी वर खिडकी लावून घेतली. पण सुनावून झाल्यावर ती फडक्यानं पुसलेलाच संगमरवर पुन्हा पुसत राहिली.

एर्मान्नोला बोलावलं. तो आला, थर्मामीटर लावला, पाणी मोजलं. अगदी जिथं असायला हवं तिथं. मग म्हणाला, "तुम्ही एक काढा." तितीनानं काढली, तेवढ्यात त्याचे डोळे काट्यावर. काटा हलला नाही. त्यानं कॉफी चाखली. मग त्यानं स्वतः एक काढली. मी चाखली. काय सांगू तुम्हाला? गोल, जाड, जिभेवर बसून राहणारी. अगदी सासूबाईची.

खरं तर तिथं कुणीतरी जरा थांबून विचार करायला हवा होता. पण एर्मान्नो भला माणूस, त्याला बाईचं मन दुखवायचं नव्हतं. "सवय होईल हळूहळू," असं पुटपुटून तो सामान गोळा करून निघाला. त्याच्या दयेनंच घात केला. त्यानं दोष काढला असता तर ती भांडली असती.

तो गेल्यावर तितीना दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"सावे," ती मला म्हणाली, "मशीन चांगलं आहे. माझा हात गेला."

"हात कुठं जातोय? तो बघ, मनगटाला लागूनच आहे."

ती हसली नाही. माझ्या विनोदावर हसत नाहीत असे लोक बरेच आहेत, पण तितीना त्यांच्यातली नव्हती.

साबातीनो रोज दहाला यायचा, त्याला तिनं पहिल्याच दिवशी बाहेरूनच परत धाडलं होतं. "मला कॉफी जमेपर्यंत इकडे फिरकायचं नाही." तो गरीब माणूस, फिरकला नाही. दोन आठवडे रोज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, बारच्या पाटीकडे बघायचा आणि परत जायचा. मी त्याला विचारलं, "काय रे, पाटी वाचायला शिकतोयस का?" तर म्हणाला, "शेवटचं अक्षर राहिलंय." त्याच्याही विनोदाला तेव्हा रंग नव्हता.

आणि मग एक दिवस तितीना माझ्या दुकानात आली. सासूबाईसमोर उभी राहिली. पितळावरची धूळ बोटानं पुसली.

"तुझ्या रिबिनी काढ."

"का?"

"चौघांना सांगितलंय. उद्या दुपारी परत नेते हिला."

मी सुई खाली ठेवली. "आणि साबातीनो?"

"साबातीनोला सांग, कुणी जागी राहणारी बघ." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "मला दुसरं काही येत नाही, सावे. मला कॉफी येते. तीही येईनाशी झाली तर मी कोण? झोप नको मला. संध्याकाळ नको."

ती गेली आणि मी दुकानाला कुलूप लावलं. लोक मला चुगलखोर म्हणतात. त्या दिवशी मी माझ्या कलेचं सोनं केलं. थेट बंदरावर, खाणावळीच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात. साबातीनो शिंपल्या धूत होता.

"ती सासूबाईला परत नेतेय," मी म्हणालो. "उद्या. आणि तुला निरोप आहे, दुसरी बघ."

त्यानं शिंपल्या तशाच पाण्यात सोडल्या आणि एप्रन न काढता निघाला. वाटेत दोनदा धाप लागून थांबला. मी मागोमाग, कारण साक्षीदार लागतोच.

बार रिकामा होता. तो आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला.

"तुला सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून?" तितीना म्हणाली.

"एक कॉफी."

"आंबट मिळेल."

"आंबट दे."

तिनं रागानं काढली. रागात तिचे हात आणखी भराभर चालतात. लांब मुठीची ती जड वाटी उचलली, पुडीनं भरली, दाबली, मुंडक्याला अडकवली, दांडा ओढला. साबातीनोनं प्यायली. तोंड वेडंवाकडं न करता, ते मात्र कौतुकाचं.

"अजून एक."

"साबाती, चेष्टा करतोयस?"

"अजून एक दे गं."

तिनं दुसरी काढायला घेतली. साबातीनो कपाकडे बघत नव्हता, काट्याकडेही नाही. तो जिथं नेहमी बघायचा तिथंच बघत होता.

"तिती," तो म्हणाला, "तू तिला आंघोळ का घालतेस?"

"कुणाला?"

"त्या वाटीला."

तितीना थबकली. तिचा उजवा हात वाटीसकट काउंटरखालच्या पाण्याच्या भांड्यात होता. गार पाण्यात. ती त्या हाताकडे अशी बघायला लागली जणू तो तिच्या खिशात सापडलेला दुसऱ्याचा हात.

आता ऐका. सासूबाई सकाळच्या गर्दीत बेफाम तापायची. कपावर कप निघाले की पितळाची भूक संपायची आणि कॉफी करपायला लागायची. तिला शांत करायला तितीना काय करायची? वाटी मुंडक्याला अडकवून ठेवायचीच नाही. बाहेर काढायची, गार पाण्यात बुडवायची, झटकायची, पुसायची आणि मग भरायची. फिलुमेनानं हे तिला नवी नवरी असताना शिकवलं होतं. तेव्हापासून ही हालचाल तिच्या मनगटात जाऊन बसली. डोळ्याची पापणी लवते तशी. तिला स्वतःला दिसेना आणि आम्हालाही दिसेना, कारण आम्ही जन्मभर तेच बघत आलो होतो.

पण नव्या मशीनकडे उधळायला उष्णताच नव्हती. ते नेमकी हवी तेवढीच तयार करायचं, आणि तितीना त्याच्यासमोर थंडगार वाटी धरायची. पाणी मुंडक्यातून बरोबर निघायचं, वाटीत पोचता पोचता मरगळायचं. एर्मान्नोनं वाटी बुडवली नाही, त्याची कॉफी झाली. हात कुठं गेला नव्हता. हात फार इमानी होता, एवढंच.

तितीना मात्र लगेच ऐकणारी नाही. "मला शिकवतोस? तू? बटाटे उकडणारा?"

"मी नाही शिकवत. मी विचारलं, आंघोळ का घालतेस."

"नेहमीच घालते!"

"तेच म्हणतोय. नेहमीच घालतेस. भरताना एकदा, आणि पूड झटकल्यावर एकदा. दुसऱ्या वेळी मनगट जरा जास्त वळतं."

तितीनाच्या भुवया होत्या त्याहून वर गेल्या.

"तू हे सगळं बघत बसायचास?"

"मग तुला काय वाटलं," साबातीनो कपाकडे बघत म्हणाला, "एवढी वर्षं मी कॉफी प्यायला येत होतो?"

मी तिथून जायला हवं होतं हे मला कळतं. मी गेलो नाही.

तितीनानं भांडं उचललं, पाणी मोरीत ओतलं. वाटी मुंडक्याला अडकवून ठेवली, नुसतं गरम पाणी दोनदा तिच्यातून जाऊ दिलं, वाटीला हात लावून बघितला, "स्स" करून काढून घेतला. मग पूड भरली. दांडा ओढला, सोडला. काळपट धार आली, हळू, तेलासारखी, मग तिला तांबूस फेस धरला. तिनं कप साबातीनोपुढे ठेवला नाही. स्वतः प्याली. उभ्यानं, एका घोटात, डोळे मिटून. मग दुसरी काढली आणि ती त्याच्यापुढे ठेवली. तिसरी मला मिळाली, पण कुणाचं तरी माझ्याकडे लक्ष गेलं म्हणून, प्रेमानं नव्हे.

तिनं चौघांना दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आनिएल्लोकाकाला चौकातून हाक मारून, जवळजवळ कॉलर धरून आणलं. त्यानं प्यायली. कप खाली ठेवला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे याहून मोठं कौतुक कुणी करत नाही. तितीनानं साखरेचा डबा त्याच्यापुढे आदळला आणि तिचे दात दिसले.

त्या आठवड्यात मनगट दोन-चारदा चुकलं. भांडं काढून टाकलं होतं, तरी हात जुन्या जागी जाऊन हवेत वाटी बुडवून यायचा. बाजारवाल्यांनी त्याचाही खेळ केला, हात तिकडे वळला की सगळे एकसुरात ओरडायचे, "पोहू नकोस!" हळूहळू हात थांबला.

शनिवारी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, तितीना गल्लीत उतरली. हिरवा झगा, कानात फिलुमेनाचे पोवळ्याचे डूल. मी खिडकीत होतो, योगायोगानं. ती जरा वेळ दिव्यांकडे बघत उभी राहिली. माणसं फिरत होती, पोरं आईस्क्रीम चाटत होती, मास्तरीणबाई कुत्र्याला घेऊन निघाल्या होत्या.

"एवढे लोक या वेळी जागे असतात?" तिनं मला वर बघून विचारलं.

"रोज," मी म्हणालो. "तुझ्याबद्दल बोलायला."

मलाही भूक लागली होती, म्हणून मीही खाणावळीत गेलो. तितीना भिंतीकडेच्या टेबलावर बसली. साबातीनोनं आधी शिंपल्यांचा रस्सा पाठवला, तो तिनं पावानं पुसून संपवला. दुसरा पदार्थ यायच्या आत तिची मान भिंतीला टेकली आणि ती झोपली. चांगली, तोंड उघडं ठेवून. वाढपी ताट घेऊन बावचळून उभा.

साबातीनो स्वयंपाकघरातून हात पुसत आला. त्यानं बघितलं, ताट परत चुलीकडे धाडलं, बाजूच्या टेबलवाल्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. भर शनिवारी, ऑर्डरी तुंबलेल्या असताना. मालक आतून ओरडत होता. हा ढिम्म.

थोड्या वेळानं तितीनानं डोळे उघडले. कुठं आहोत ते कळायला तिला जरा वेळ लागला. समोर साबातीनो दिसला, त्याच्यामागे अख्खी खाणावळ दिसली, सगळी तिच्याकडे बघणारी.

तिनं केस सारखे केले, पाणी प्यायलं आणि भरल्या खाणावळीत म्हणाली,

"लग्न दुपारी ठेव, साबाती."